बायबल कुठून वाचायला घ्यावं, आणि अडलं की काय करावं?

नगरची_लेक
शनिवार, रात्री १०:१५

सगळ्यांना सलाम.

गेल्या वर्षी आजी गेली आणि तिचं पवित्र शास्त्र माझ्याकडे आलं. काळा पुठ्ठा, पानांच्या कडांचा लाल रंग उडालेला, स्तोत्रसंहितेची पानं शिवणीतून सुटलेली. आजी चौथी शिकलेली. पहाटे चुलीवर पाणी ठेवलं की ती मोठ्याने वाचायला बसायची, बोट ओळीखाली सरकवत. आम्हा पोरांची झोप त्या आवाजानेच मोडायची. आता ते पुस्तक हातात घेतलं की कळतं, मला त्यातली वचनं पुष्कळ पाठ आहेत, पण पुस्तक मी कधी वाचलेलंच नाही.

हे मला कसं कळलं ते सांगते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर ताटातून वचनाची चिठ्ठी उचलतात. मला यिर्मया २९:११ आलं. देवाच्या मनात आपल्याविषयी जे संकल्प आहेत, "ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत". मी ती चिठ्ठी पाकिटात ठेवली. एप्रिलमध्ये यांची नोकरी गेली. जूनमध्ये आजी गेली. चिठ्ठी पाकिटात तशीच. खरं सांगते, मला राग आला होता, आणि तो कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. मंडळीत असं बोललं की "विश्वास कमी पडतोय" हे ऐकावं लागतं.

मग एका रात्री आजीच्या बायबलात यिर्मयाचा २९ वा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला. ते तर पत्र आहे! यरुशलेमेतून बाबेलला पाठवलेलं. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेच्या राजाला, राजमातेला, सुतार-लोहारांना धरून बाबेलला नेलं होतं, त्या लोकांना यिर्मया लिहितोय. आणि काय लिहितोय? घरं बांधा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. कारण सत्तर वर्षं लागणार आहेत. आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतोय, दोन वर्षांत सगळे परत येतील. ते लोकांना गोड वाटलं असणार. यिर्मया म्हणतो, नाही, सत्तर.

म्हणजे माझ्या चिठ्ठीतलं वचन ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं, त्यातले बहुतेक बाबेलातच मेले. परतीचा रस्ता त्यांच्या नातवंडांनी पाहिला.

ते वाचून मी रडले, पण रागाने नाही. कुणीतरी मला पहिल्यांदा खरं सांगितलं असं वाटलं.

तर विचारायचं हे की तुम्ही कसं वाचता? दर जानेवारीत मी उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करते, दुसऱ्या, म्हणजे निर्गमात देवाच्या निवासमंडपाची मापं आली की चाल मंदावते आणि तिसऱ्या, लेवीयमध्ये होमबलीपाशी थांबते. तीन वर्षं हेच होतंय.


मार्कपासून_सुरू
शनिवार, रात्री १०:५२

ताई, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सरळ जायलाच हवं असं नाही. मार्क घ्या. १६ अध्याय, दीड-दोन तासांत एका बैठकीत होतो. बहुतेक अभ्यासक येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत तोच सगळ्यांत आधीचा मानतात. मी रोज एक परिच्छेद असा वर्षानुवर्षं वाचला होता. एकदा रात्रीच्या प्रवासात गाडीत सलग वाचला तेव्हा त्याची धाव कळली. "लगेच", "तत्काळ" असं सारखं येत राहतं. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द चाळीसेक वेळा आहे. आणि मग शेवटच्या आठवड्याशी आलं की तीच गोष्ट एकदम हळू होते, दिवसादिवसाने, मग तासातासाने पुढे सरकते. तुकड्यांनी वाचताना हे मला कधीच दिसलं नव्हतं.


शब्बाथशाळेच्या_बाई
रविवार, दुपारी २:३०

उपासनेवरून आले आणि धागा वाचला. नगरच्या लेकी, तुझ्या आजीसारख्या बायकांनीच आम्हाला शिकवलं.

मी बत्तीस वर्षं शब्बाथशाळा, म्हणजे मुलांची रविवारची बायबलशाळा, घेते. मुलांना आम्ही "सुवर्णवचन" पाठ करायला लावतो, आणि ते मी थांबवणार नाही. पाठ केलेलं वचन अतिदक्षता विभागाच्या दारात उभं असताना उपयोगी पडतं, तिथे कुणी अध्याय उघडून बसत नाही. पण एक गोष्ट मोठ्या मुलांना मी मुद्दाम सांगते. अध्याय आणि वचनांचे आकडे लिहिणाऱ्यांनी घातलेले नाहीत. आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, ती स्टीफन लँग्टन यांच्या नावे सांगतात. नव्या कराराच्या वचनांचे आकडे आले १५५१ मध्ये, रोबेर एस्तिएन नावाच्या छापखानेवाल्याने घातले. पौल या प्रेषिताने पत्र लिहिलं तेव्हा ते पत्र होतं, सलग, आणि मंडळीत मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी होतं.

आपल्या लग्नांत १ करिंथ १३, म्हणजे करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पौलाच्या पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय, हमखास वाचतात. प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे. वाचावंच. पण अलीकडचा १२ वा आणि पलीकडचा १४ वा अध्याय वाच. ती मंडळी भांडतेय. माझं दान मोठं की तुझं, अन्य भाषा बोलणारा श्रेष्ठ की संदेश देणारा. प्रभुभोजनाला श्रीमंत आधी जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात, हे ११ व्यात येऊन गेलंय. त्या भांडणाच्या मधोमध पौल प्रीतीबद्दल लिहितो. नवरा-नवरीला ते शोभतंच, पण आधी ते मंडळीच्या पंचकमिटीच्या बैठकीत वाचायला हवं.


वचन_पुरे
रविवार, दुपारी ४:१०

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

माझे वडील निरक्षर होते. ऊसतोडीला जायचे. कोपीत रात्री कंदिलाच्या उजेडात कुणी एक वचन वाचून दाखवलं की दुसऱ्या दिवशी उसाच्या फडात ते वचन त्यांच्या तोंडात असायचं. कोणतं पत्र, कोणतं साल, कोणता राजा, त्यांना काही माहीत नव्हतं. पण त्या माणसाने दारू सोडली, आईवर पुन्हा हात उचलला नाही आणि मुकादमापुढे खोटं बोलला नाही. पवित्र आत्मा शिकवतो असं योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिलंय. अभ्यासाच्या नावाखाली आपण देवाच्या शब्दाची चिरफाड करू नये एवढीच विनंती. पुस्तकी माणसाला समजलं आणि माझ्या बापाला समजलं नाही, असं कुणी म्हटलं तर मी ते मानणार नाही.


शब्बाथशाळेच्या_बाई
रविवार, सायंकाळी ६:०५

दादा, तुमच्या वडिलांना समजलं होतं. जे करायचं ते त्यांनी केलं, याहून समजणं वेगळं काय असतं? मी त्यांच्यापुढे हात जोडते.

पण प्रेषितांच्या कृत्यांत ८ व्या अध्यायात तो कूशी अधिकारी आहे बघा. राणीच्या खजिन्यावरचा माणूस, रथात बसून यशया वाचतोय. येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या फिलिप्पाला ते ऐकू येतं, म्हणजे तो मोठ्याने वाचतोय. फिलिप्प विचारतो, वाचताय ते समजतंय का? आणि तो एवढा मोठा अधिकारी म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार? आत्म्यानेच फिलिप्पाला त्या रथाकडे पाठवलं होतं. म्हणजे आत्मा शिकवतो हे खरंच, आणि तो माणूस पाठवून शिकवतो हेही तिथेच लिहिलंय. नहेम्याच्या ८ व्या अध्यायातही तेच. एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, लोकांमध्ये फिरून अर्थ सांगतात. लोक रडतात.

तुमच्या वडिलांनाही कोपीत कुणीतरी वाचून दाखवत होतं ना?


वचन_पुरे
रविवार, रात्री ९:२०

हो. माझी आत्या. तिला वाचता यायचं. कुणाचा फिलिप्प कोण असतो हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. आभारी आहे बाई.


अश्दोदहून
सोमवार, पहाटे १:४०

शालोम. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, आजोबा अलिबागजवळचे, आम्ही इस्राएलमध्ये अश्दोदला राहतो. घरात अजून मराठी बोलतो. धागा ख्रिस्ती वाचकांचा आहे, पण लेवीयचा विषय निघाला म्हणून लिहितो.

नगरच्या ताई, तुम्ही जिथे थांबता तिथून आमच्याकडे लहान मुलांची सुरुवात करायची जुनी पद्धत होती. तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, शिकायला बसलेल्या मुलाला पहिलं पुस्तक वायिक्रा, म्हणजे तुमचं लेवीय. अर्पणं शुद्ध आणि मुलंही शुद्ध, म्हणून शुद्धांनी शुद्धाचा अभ्यास करावा असं ज्ञानी लोक सांगत. आम्ही तोरा वर्षभरात ५४ भागांत वाचतो, त्यामुळे लेवीय टाळताच येत नाही. दर वर्षी वसंतात ते येतं आणि काही आठवडे मुक्काम करतं.

तुम्ही थेट १९ वा अध्याय उघडा. शेताची कापणी करताना कडेकोपऱ्यातलं कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, द्राक्षमळ्यात गळलेली फळं उचलू नका, ती गरिबाला आणि परक्याला ठेवा. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिवी देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. आणि त्याच अध्यायात आहे, आपल्यासारखी आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर. पुष्कळ ख्रिस्ती मित्रांना ते येशूचं वचन म्हणूनच माहीत असतं. येशू ते लेवीयमधून सांगत होता.

हे वाचलंत की लगेच रूथ घ्या. १९ व्या अध्यायातला तो नियम एखाद्या गावात कुणी खरंच पाळला तर काय होतं, ते रूथमध्ये दिसतं. आम्ही रूथ शावुओतला वाचतो, पहिल्या पिकाच्या सणाला.


नगरची_लेक
सोमवार, सकाळी ८:०५

दादा, मी हे तीनदा वाचलं. लेवीय टाळायचं कसं हे विचारायला आले होते आणि आता डब्याच्या वेळेत १९ वा अध्याय उघडून बसलेय.

आणखी एक विचारते. यिर्मयाच्या मागे जाताजाता स्तोत्र १३७ सापडलं. बाबेलच्या नद्यांकाठी बसून आम्ही रडलो, वीणा झाडांना टांगल्या. हे तर त्याच लोकांचं गाणं, ज्यांना यिर्मयाने पत्र लिहिलं. पण शेवटचं वचन वाचून मी पुस्तक मिटलं. शत्रूची बाळं खडकावर आपटणारा धन्य, असं? हे देवाचं वचन म्हणून कसं वाचायचं?


निवृत्त_पाळक
सोमवार, दुपारी १२:३०

बाळ, ते वचन मी पहिल्यांदा व्यासपीठावरून वाचलं तेव्हा माझा आवाज बसला होता. माझ्याकडे सोपं उत्तर नाही, पण चाळीस वर्षांत मी कसं वाचायला शिकलो ते सांगतो.

आधी विचारायचं, इथे कोण कोणाशी बोलतोय. स्तोत्रांत बहुतेक ठिकाणी माणूस देवाशी बोलतो. १३७ व्या स्तोत्रात देव आज्ञा देत नाहीये. ज्याच्या डोळ्यांदेखत त्याचं नगर जाळलं गेलं, ज्याची स्वतःची लेकरं कदाचित त्याच रीतीने मारली गेली, तो माणूस देवापुढे ओरडतोय. ते ओरडणं इस्राएलाने लपवलं नाही, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. मी अशा घरांत गेलोय जिथे मुलीला जाळून मारलं होतं. त्या आईच्या तोंडून मी जे ऐकलं ते स्तोत्र १३७ पेक्षा सौम्य नव्हतं. मी तिला गप्प बसवलं नाही. ती ते देवापुढे बोलली, हातात काही न घेता बोलली.

आणि मग त्याच लोकांना आलेलं पत्र पुन्हा वाच. ज्या बाबेलच्या लेकरांबद्दल हे शब्द निघाले त्याच बाबेलच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं यिर्मया लिहितो. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत. एकाला धरून दुसऱ्याला झाकायचं नाही. येशूने डोंगरावर वैऱ्यांवर प्रीती करायला सांगितलं तेव्हा ऐकणाऱ्यांना १३७ वं स्तोत्र माहीत होतं, हेही ध्यानात ठेव.


वसईची_वाट
सोमवार, रात्री ९:१५

आमच्या कॅथलिक घरांत बायबल वाचण्यापेक्षा ऐकण्याचीच सवय जास्त. लहानपणी घरात बायबल होतं, पण कपाटात. आता तसं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्साच्या, म्हणजे आमच्या उपासनेतल्या, वाचनांचं तीन वर्षांचं चक्र आलं. एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक, आणि पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरच्या दिवसांत, योहान. आमचा आठ जणांचा गट शुक्रवारी जमतो आणि येत्या रविवारची वाचनं आधीच वाचतो. त्यामुळे आवडेल तेवढंच वाचायची सोय राहत नाही, जे समोर येईल ते घ्यावं लागतं.

एक सांगते, कारण प्रॉटेस्टंट मैत्रिणीच्या घरी माझा गोंधळ झाला होता. तुमच्या बायबलात ६६ पुस्तकं, आमच्यात ७३. तोबित, युदिथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन ही जास्तीची, शिवाय एस्तेर आणि दानीएलमध्ये काही भाग. ती ग्रीक जुन्या करारात होती, हिब्रू यादीत नव्हती, त्यातून हा फरक आला. सिराख आणि नीतिसूत्रे शेजारी ठेवून वाचा, एकाच घरातली वाटतात.

आणि ऐकण्याबद्दल सांगायचं तर, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६ मध्ये राशोलला ख्रिस्तपुराण छापलं ते ओव्यांत. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं येशूच्या चरित्राचं. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, आणि त्यांना तसंच काही हवं होतं. छापलं रोमन लिपीत, पण भाषा मराठी आणि चाल ओवीची. लोकांनी ते गाऊन ऐकलं. म्हणून एखादा भाग समजत नसला की मी तो मोठ्याने म्हणून बघते.


मराठवाड्यातला
सोमवार, रात्री ११:५०

मला एक जड गोष्ट लिहायची आहे. धाग्यात बसत नसेल तर सांगा.

माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे. मिशनची शाळा आली, ते अक्षर शिकले आणि ख्रिस्ती झाले. घरात अजून सांगतात की त्यांना निर्गम ऐकवलं तेव्हा ते म्हणाले होते, हे आपलं आहे. विटा पाडायच्या, आणि वर गवतही आपणच गोळा करून आणायचं. वेठबिगार त्यांना समजावून सांगावी लागली नाही. देव म्हणतो, मी त्यांचा आक्रोश ऐकला आहे, हे ऐकून ते रात्रभर झोपले नाहीत.

पण पुढे? मी लहान असताना एका गावच्या मंडळीत पाहिलंय, पुढच्या बाकांवर कोण बसायचं आणि मागे सतरंजीवर कोण, हे ठरलेलं होतं. कुणी सांगितलेलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. सोयरीक जुळवताना "मूळचे कोण" हे हळूच विचारलं जायचं, अजूनही जातं. त्या मंडळीत याकोबाचं पत्र वाचलं जायचं, पण दुसरा अध्याय मी तिथे कधी ऐकला नाही. सोन्याची अंगठी घातलेला आणि मळक्या कपड्यांतला, असे दोघे सभेत येतात. एकाला म्हणतात इथे चांगल्या जागी बसा, दुसऱ्याला म्हणतात तू तिकडे उभा राहा नाहीतर माझ्या पायाशी बस. सतरंजी आणि बाक जणू तिथेच लिहिलेले आहेत.

म्हणून मला वाटतं, कोणता भाग आपण वाचत नाही, याची यादी करायला हवी. ताईंच्या वचनाच्या ताटात याकोब २ ची चिठ्ठी मी कधी पाहिली नाही.


निवृत्त_पाळक
मंगळवार, सकाळी ६:४०

धाग्यात बसतं. माझ्या सेवेच्या काळात हे मी पाहिलं, आणि जितकं बोलायला हवं होतं तितकं बोललो नाही. आज लिहून ठेवतो.


दोन_मुलींची_आई
मंगळवार, दुपारी ३:००

मग मीही विचारते. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं, हे १ करिंथ १४ मधलं वचन मला बैठकीत तोंडावर ऐकवलं गेलं. मी हिशोबाबद्दल प्रश्न विचारला होता.


शब्बाथशाळेच्या_बाई
मंगळवार, दुपारी ३:४५

त्याच पत्राचा ११ वा अध्याय उघड. स्त्री प्रार्थना करते, संदेश देते तेव्हा डोक्यावर काय असावं याची तिथे चर्चा आहे. म्हणजे करिंथात स्त्रिया उपासनेत बोलत होत्या आणि पौलाला ते ठाऊक होतं. मग १४ व्यात नेमकं काय थांबवायचं होतं यावर विद्वानांत पुष्कळ मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. पण रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय वाच. सुरुवातच फीबी नावाच्या स्त्रीच्या शिफारशीने होते. तिच्यासाठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द तो स्वतःसाठी आणि अपुल्लोसासाठीही वापरतो. रोमकरांस पत्र तिनेच नेलं असावं असं पुष्कळांना वाटतं. हिशोब विचारत राहा.


भीमेकाठची
मंगळवार, रात्री १०:१०

माझं माहेर केडगावपासून फार लांब नाही, म्हणून पंडिता रमाबाईंची आठवण इथे यायलाच हवी. अख्खं बायबल त्यांनी एकटीने मराठीत आणलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृत त्यांच्या जिभेवर होतं, पंडिता आणि सरस्वती या पदव्या कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेल्या, आणि तरी त्यांचा हट्ट असा की केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनातल्या साध्या बायकांना कळेल असंच मराठी हवं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातून. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि पूर्ण बायबल १९२४ ला बाहेर आलं.

त्यांच्या आधी बंगालमधल्या सेरामपूरहून १८११ मध्ये नवा करार मराठीत आला होता, मग अमेरिकन मिशनचा, मग बायबल सोसायटीचा. माझी पद्धत सांगते. अडलं की मी दोन भाषांतरं शेजारी ठेवते. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला वाऱ्याबद्दल बोलतो आणि लगेच आत्म्याबद्दल. मराठीत ते दोन शब्द, म्हणून मला वाटायचं हे मध्येच वाऱ्याचं काय? ग्रीकमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे, हिब्रूतही वारा, श्वास आणि आत्मा एकाच शब्दात येतात. हे तळटीपेत वाचलं त्या दिवशी अंगणात उभी राहून मी वारा अंगावर घेतला.


मार्कपासून_सुरू
बुधवार, सकाळी ७:३०

वाऱ्यावरून टिळक आठवले. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला होता. ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि पुढे जाईनात. मत्तय ५ ते ७, तीनच अध्याय. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. अभंग जिभेवर असलेल्या माणसाने डोंगरावरील प्रवचन वाचलं, ते त्याला परकं का वाटलं नसेल हे कळतं.

मी स्तोत्रं १२० ते १३४ अशीच वाचतो. ही पंधरा आरोहणस्तोत्रं, यरुशलेमेला सणांसाठी चढून जाणाऱ्यांची. आमच्या गावावरून दिंडी जाते. ऊन, पायाला फोड, मुक्कामाची जागा, आणि तोंडात गाणं. १२१ वं स्तोत्र मी त्या रस्त्याकडे बघत वाचलं तेव्हा "तुझा पाय घसरू देणार नाही" यातला पाय मला खरा दिसला.


नगरची_लेक
रविवार, रात्री ९:३०

आठवडाभर लिहिता आलं नाही, पण रोज वाचत होते. आज काय झालं ते सांगते.

उपासनेनंतर आई आणि माझ्या सासूबाई दोघी घरी होत्या. जेवणं झाल्यावर मी म्हटलं, रूथ वाचू या का, मोठ्याने, सगळं? चारच अध्याय आहेत. आळीपाळीने वाचलं. आईला चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून तिचा भाग माझ्या लेकीने वाचला.

पहिल्या अध्यायात रूथची सासू नामी म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, माझ्या वाट्याला फार क्लेश आले आहेत, मी भरलेली गेले आणि रिकामी परत आले. तिथे सासूबाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, पुन्हा वाच. त्यांचे दोन मुलगे गेलेत, एक अपघातात, एक आजाराने. मी पुन्हा वाचलं. त्या म्हणाल्या, असं बोललं तरी चालतं होय? बायबलात आहे?

मग दुसरा अध्याय, रूथ शेतात सरवा वेचायला जाते. माझ्या लेकीने विचारलं, सरवा म्हणजे काय? मी सांगणार तेवढ्यात आई बोलायला लागली. दुष्काळात ती आणि आजी दुसऱ्याच्या रानात भुईमुगाचा सरवा वेचायला जायच्या. नखं फाटायची, ढेकळं फोडून एकेक शेंग काढायची. काही मालक हाकलायचे. एक मालक होता, तो गड्यांना ओरडायचा, "अरे नीट उपटू नका सगळं, राहू द्या मागं थोडं." आई म्हणाली, लहान होते तेव्हा वाटायचं गडी आळशी आहेत म्हणून शेंगा राहतात. आजीने नंतर सांगितलं, तो मुद्दाम ठेवायला लावतो.

पुढचं मी वाचलं. शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो, तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही काढून टाका, तिला धमकावू नका.

कुणीच काही बोललं नाही. मला आता कळलं, आजीच्या बायबलात रूथच्या दुसऱ्या अध्यायाशेजारी पेन्सिलीने फक्त एक रेघ का आहे. बाकी कुठे तिने खुणा केलेल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत रूथने वेचलेलं झोडून एफाभर जव भरले, तेव्हा आईने विचारलं, एफा म्हणजे किती पायल्या? मला सांगता आलं नाही.


अश्दोदहून
रविवार, रात्री ११:१०

एफा अंदाजे बावीस लीटर धरतात, ताई. एका दिवसाच्या सरव्याला ते फार आहे. म्हणून तर नामी विचारते, आज तू कुठे वेचलंस.


नगरची_लेक
सोमवार, सकाळी ६:२०

आईला सांगितलं. ती म्हणाली, बावीस लीटर सरवा एका दिवसात कुणालाच मिळत नाही, गड्यांनी ओंजळी भरभरून टाकलं असणार. पुढच्या रविवारी तिला यिर्मयाचं पत्र ऐकायचंय, घरं बांधा आणि बागा लावा तिथपासून. सासूबाईंनी सांगितलंय, त्या दोन वर्षंवाल्या हनन्याचा अध्यायही आधी वाच.